लुत्फरभाई आणि एक गाळलेलं वाक्य

लुत्फरभाई पाठीशी उभे असताना बोलू नये, असा आमच्या वर्कशॉपमध्ये एक अलिखित नियम होता. ते भांडखोर नव्हते, चुगलखोरही नव्हते. पण बोलता बोलता तुमचा एखादा शब्द अडला, की तो मागून कुठून तरी यायचा. इतका हळू, की आला की नाही तेही कळू नये. तोवर तुम्ही तो बोलूनही गेलेला असायचात. वळून पाहावं, तर हा माणूस पाच-सहा हात लांब शिडीवर, हातात ब्रश, ओठ मिटलेले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी दुबईत अल क्वोजला परकारशेठच्या साइनबोर्डच्या वर्कशॉपमध्ये मॅनेजर म्हणून लागलो. मॅनेजर म्हणजे शेठ ज्याच्यावर दिवसातून चारदा ओरडू शकतात असा माणूस. परकारशेठ रत्नागिरीचे, मनानं राजा, जिभेनं कोतवाल. लुत्फरभाई माझ्या आधीपासून तिथे पेंटर होते. इंग्रजी, अरबी, कुठलंही अक्षर असो, पेन्सिलीची रेघ न मारता एका हातानं काढायचे. तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेर असतील. किडकिडीत, केस पांढरे, भुवया मात्र काळ्याभोर. मैमनसिंगचे, म्हणजे बांगलादेशातले.

हा गृहस्थ कधी कुणाच्या समोर बसायचा नाही. कायम बाजूला आणि जरासा मागे. जेवायलासुद्धा भिंतीकडे तोंड करून बसत. मी एकदा वैतागून म्हटलं, "लुत्फरभाई, सामने आके बात करो ना!" तर म्हणाले, "साब, हम सामने का आदमी नहीं है." पासपोर्टवरचा फोटो तेवढा समोरून काढलेला होता, आणि त्यात ते कुणी तिसराच माणूस वाटायचे.

त्यांच्या त्या आवाजाचा पहिला फटका शेठना बसला. एका अरबी मुदीरसाहेबांच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या मॅनेजरच्या, ऑफिसचे बोर्ड करायचे होते आणि आम्ही अजून पत्राही कापला नव्हता. मुदीर स्वतः येऊन उभे राहिले. अशा वेळी शेठचं ठरलेलं असे. छातीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "इन्शाल्ला, बुकरा!" उद्या नक्की. त्या दिवशी शेठनी छातीवर हात ठेवला, तोंड उघडलं आणि अडखळले. मग स्वच्छ अरबीत म्हणाले, की कामाला हात लागलेला नाही, अजून पंधरा दिवस लागतील. मुदीर क्षणभर बघत राहिले, मग हसले, शेठचा खांदा थोपटला आणि खुशाल मुदत देऊन गेले.

शेठ खुर्चीत बसले ते घाम पुसतच. "केळकर, मी खोटं बोलनार होतो रे. तोंडात आलं होतं. भायेर भलतंच पडलं." मग शिडीकडे एक नजर टाकून हळूच म्हणाले, "त्या बंगाल्याला माझ्या मागं उभा करू नको. धंदा बसेल माझा."

मी हसलो. पण त्या दिवसापासून मीही शिडीकडे पाठ करून उभा राहायचं टाळू लागलो, हे कबूल करायला हवं.

हा आवाज कुठून आला ते मला वर्षभरानं कळलं. लुत्फरभाई तरुणपणी प्रॉम्प्टर होते. बांगलादेश स्वतंत्र झाला तेव्हा तिशीच्या आतले. त्या दिवसांबद्दल बोलताना त्यांच्या हातातला ब्रश थांबायचा. सांगायचे, आमच्या देशात पहिली टंचाई पडली ती रंगाची. गावातल्या प्रत्येक ऑफिसवरचा, दुकानावरचा, शाळेवरचा जुना बोर्ड पुसून बंगालीत नवा लिहायचा होता. "पूरा देश हमने हाथ से लिखा, साब," हे ते अगदी सरळपणे म्हणायचे आणि त्यांच्या गावापुरतं ते खरंही असावं. दिवसभर बोर्ड आणि संध्याकाळी नाटक. शाळेचा हॉल, वर पत्रा, पडदा म्हणून कुणाच्या तरी आईच्या दोन साड्या. काल लढून आलेली पोरं आज बंदूक जमा करून दाढीमिशा चिकटवायची. कुणाला धड पाठांतर नसे. सगळ्यांची भिस्त विंगेत बसलेल्या लुत्फरभाईंवर. "जो हम बोलता था, वही देश बोलता था," असं म्हणून ते हसायचे. पण ते हसणं फार टिकायचं नाही.

आता आमच्या महाराष्ट्र मंडळाकडे वळायला हवं. परदेशातल्या मराठी माणसाला दोन वर्षांत नाटक चढतं, तसं आम्हालाही चढलं. मंडळातल्याच एकानं लिहिलेलं कौटुंबिक नाटक होतं. तीन भाऊ म्हाताऱ्या बापाच्या घराच्या वाटण्या करतात, मधेच बहिणीचं लग्न, पंगत, आणि शेवटी सगळे रडतात. मी थोरला भाऊ. अभिनय मला येतो असा माझा आजही समज आहे. पाठांतराचं नाव काढू नका. बाकीच्यांचीही तीच रड. तालमी शुक्रवारी, म्हणजे तिकडच्या रविवारी, सकाळी आमच्याच वर्कशॉपमध्ये व्हायच्या आणि प्रॉम्प्टर व्हायला कुणी तयार नव्हतं, कारण प्रत्येकाला स्टेजवर दिसायचं होतं.

एका शुक्रवारी लुत्फरभाई म्हणाले, "हम करेगा."

"लुत्फरभाई, मराठी है. आपको एक शब्द नहीं समझता."

"समझना ऐक्टर का काम है."

आणि त्यांनी ते केलं. पाच शुक्रवार मी नाटक मोठ्यानं वाचत होतो आणि ते माझ्या शेजारी, जरासं मागे बसून सगळं मराठी बंगाली लिपीत उतरवून घेत होते. मग ती वही मांडीवर ठेवून ते विंगेच्या जागी, म्हणजे रंगाच्या डब्यांमागे बसले, आणि आमच्या तालमी पालटल्या. त्यांचा उच्चार थोडा गोल होता. 'वाटणी'चं 'बाटणी' व्हायचं. पण शब्द नेमका ज्याला हवा त्यालाच ऐकू येई. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या भावाला तो ऐकू यायचा नाही. हे कसं, ते आम्ही बरेच दिवस एकमेकांना विचारत होतो, मग विचारायचं सोडून दिलं.

प्रयोग एका भारतीय शाळेच्या हॉलमध्ये झाला. दुसऱ्या अंकात पंगतीचा प्रवेश. पानं मांडलेली, मी बापाला बाजूला सारून पहिल्या पाटावर बसतो आणि एक जोरदार वाक्य टाकतो. मी बसलो. समोर तीनशे माणसं. आणि वाक्य गेलं. साफ गेलं. मी उजव्या विंगेकडे कान दिला, कारण लुत्फरभाई उजवीकडे होते. तिकडून काही येईना. मग डावीकडून आलं. अगदी जवळून, मानेवर गरम श्वास लागावा इतक्या जवळून. मी ते बोललो.

"ज्यांनी हे सगळं आणलं, ते अजून जेवायला बसलेले नाहीत."

नाटकात असं वाक्य नव्हतं. हॉलमध्ये एकदम सामसूम झाली. माझा बाप झालेला मंडळाचा खजिनदार माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं आणि प्रवेश कसाबसा पुढे सरकला. टाळ्या पडल्या, भरपूर पडल्या. पण प्रयोगानंतर मसालेभात आणि मठ्ठा होता, तिथे नेहमीची झुंबड नव्हती. ताटं हातात घेऊन लोक उभे होते आणि "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" चाललं होतं. पहिला कोणीच होईना.

बायको म्हणाली, "अहो, ते वाक्य कुणी घातलं? अंगावर काटा आला माझ्या." आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, हू वॉज दॅट अदर अंकल?"

"कुठला गं?"

"द वन स्टँडिंग बिहाइंड यू. ही हॅड अ बिअर्ड."

डाव्या विंगेत कुणी नव्हतं. तिथे पंगतीची जादा पानं आणि एक मोडका पंखा एवढंच होतं. मी स्वतः जाऊन पाहिलं.

लुत्फरभाई उजव्या विंगेत स्टुलावर बसून होते. वही मिटलेली, तिच्यावर दोन्ही हात. मी जरा तावातच विचारलं, "ये कौनसा लाइन दिया आपने?"

"हमने कुछ नहीं दिया. हमारा आवाज बंद हो गया था, साब. बोलना चाहा, निकला नहीं." मग म्हणाले, "आपने क्या बोला? हिंदी में बोलिए."

मी हिंदीत सांगितलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते सांगता येणार नाही. ते उठले, वही स्टुलावर ठेवली आणि मागच्या दारानं निघून गेले. पुढचे दोन दिवस कामावर आले नाहीत. इतक्या वर्षांत तसं पहिल्यांदाच झालं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर ऊन मी म्हणत असताना आणि बाकी मंडळी आडवी झालेली असताना, ते माझ्या टेबलापाशी आले. बाजूला आणि जरासे मागे बसले आणि सांगू लागले.

त्यांच्या गावच्या नाटकमंडळीत आनिस नावाचा एक नट होता. दाढीवाला, उंच, युद्धात लढलेला. लुत्फरभाईंचा जिवलग. नवा देश दोन-तीन वर्षांत थकला होता. तांदूळ मिळेना आणि सभा मात्र वाढल्या. या मंडळींनी एका राजाच्या मेजवानीचं नाटक बसवलं. इंग्रजांच्या वेळचा कायदा तिथेही होताच, नाटकाची प्रत आधी ठाण्यात द्यायची. आपल्याकडेही परिनिरीक्षणाचा शिक्का लागतोच की. प्रत परत आली, तीत एक वाक्य लाल पेन्सिलीनं गाळलेलं होतं. आनिसच्या तोंडचं. राजा पहिल्या पानावर बसतो तेव्हा शिपाई म्हणतो, ज्यांनी हे सगळं आणलं, ते अजून जेवायला बसलेले नाहीत.

मी खुर्चीतच मागे सरकलो. लुत्फरभाई बोलत राहिले. शिक्क्याची प्रत मंडळीच्या सेक्रेटरीकडे राहायची. लुत्फरभाई प्रॉम्प्टिंग करायचे ते स्वतःच्या हातानं लिहिलेल्या वहीतून. दुसऱ्याचं अक्षर विंगेच्या उजेडात लागत नसे. त्या वहीत ते वाक्य तसंच होतं. खोडायचं राहून गेलं होतं. प्रयोगात ते आलं, लुत्फरभाईंनी सवयीनं सांगितलं आणि आनिस बोलला. तिसऱ्या दिवशी एक जीप आली, चौकशीला बोलावलंय म्हणाले. आनिस चप्पल घालून गेला. पुढे सरकारं बदलली, जीपमधली माणसं बदलली, पण आनिस कुठे गेला हे कुणीही सांगितलं नाही.

"वो हमारे ऊपर भरोसा करता था, साब. जो हम बोलेगा, वो बोलेगा. हमने बोला."

"त्याच्या घरी सांगितलंत?" मी विचारलं. भाषा हिंदी करायचंही मला सुचलं नाही, पण त्यांना कळलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आनिसची बायको होती, सहा वर्षांची मुलगी होती, शिउली. लुत्फरभाई रोज त्यांच्या दारावरून जायचे आणि रोज उद्यावर टाकायचे. शेवटी गाव सोडलं, मग देश सोडला.

त्या हॉलमधल्या प्रकाराचा मी पुष्कळ विचार केलाय. लुत्फरभाईंनी कधीतरी काम करता करता ते वाक्य पुटपुटलं असेल, ते माझ्या डोक्यात कुठेतरी पडून राहिलं असेल आणि घाबरलेल्या क्षणी मराठी होऊन बाहेर आलं असेल. असं मी लोकांना सांगतो. दाढीचं काय, असं कुणी विचारू नये म्हणून तेवढं गाळतो.

वर्षं गेली. विनाइल कापायचं मशीन आलं, हातानं अक्षरं काढायचं काम गेलं. शेठनी तरीही लुत्फरभाईंना ठेवलं. "ऱ्हाऊदे. पण मागं उभा करू नको," एवढंच म्हणाले. मंडळानं पुढे नाटकं केली, पण लुत्फरभाईंनी प्रॉम्प्टिंगला ठाम नकार दिला.

दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट. एका सकाळी ते एक हँडबिल घेऊन आले. बंगाली किराणा दुकानाच्या दारावरून काढलेलं. बांगलादेशी मंडळींचा शारजामध्ये कार्यक्रम, तिकडून कलाकार येणार, चार-पाच फोटो. एका बाईच्या फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. रुंद कपाळ, सरळ नजर. खाली नाव, शिउली आनिस, आणि गाव मैमनसिंग.

"शुक्रवार को दोपहर में रिहर्सल है. आप गाडी में ले जाएगा?"

"जाऊ. यल्ला, चला."

"और एक काम है." ते पहिल्यांदाच माझ्या समोर येऊन उभे राहिले. "हम बीच में रुक जाएगा. हमको मालूम है, कहाँ रुकेगा. आप पीछे से बोलना."

शुक्रवारी सकाळी वर्कशॉपमध्ये ते बंगालीत सांगत होते आणि मी देवनागरीत लिहून घेत होतो. दहा-बारा ओळी झाल्या. पहिली ओळ होती, "आमि भुल खाता थेके पोड़ेछिलाम." मी चुकीच्या वहीतून वाचलं. बाकीचं मला अर्धंमुर्धं कळत होतं. तो कागद घडी करून मी खिशात ठेवला.

शारजाच्या त्या हॉलमध्ये खुर्च्या अजून लागत होत्या. शिउली बाजूला बसून पेटीवाल्याशी बोलत होती. लुत्फरभाईंनी नाव सांगितलं. ती ताडकन उठली आणि "लुत्फरचाचा!" म्हणून त्यांचे दोन्ही हात धरले. सहा वर्षांच्या पोरीला हा माणूस लक्षात होता. मला वाटलं, आता हे काही बोलायचे नाहीत. पण बोलले. वही, लाल पेन्सिल, खोडायचं राहिलं, सगळं ओळीनं आलं. मी त्यांच्या मागे, जरासा बाजूला उभा होतो. नवव्या ओळीशी ते थांबले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी कागदावरची ओळ हळूच म्हटली.

"तोर बाबार मुखे ओइ कथा आमिइ दियेछि."

तुझ्या बापाच्या तोंडी ते शब्द मीच दिले. बोलून झाल्यावर मला त्याचा अर्थ लागला आणि वाटलं, हे मीच केलंय. लुत्फरभाईंनी ती ओळ पुन्हा म्हटली, या वेळी स्वतःच्या आवाजात.

 शिउली बंगालीत काहीतरी बोलली. माझ्याकडे लक्ष गेल्यावर तेच तिनं हिंदीत सांगितलं, मला कळावं म्हणून.

"चाचा, बाबा को तो सुनाई नहीं देता था."

लढाईत एका पुलापाशी स्फोट झाला होता. त्यात आनिसचे कान गेले. मंडळीत कळलं तर काम जाईल म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही. समोरच्याचे ओठ बघून निभावून न्यायचा. कुणी पाठीमागून हाक मारली तर वळायचा नाही. लोक म्हणायचे, नट फार माजला. नाटक घरी पाठ करायचा. बायको समोर बसून एकेक वाक्य ओठ हलवून म्हणायची आणि हा शब्दन् शब्द घोकायचा. "माँ ने बताया था उनको, ये लाइन काट दी है. बाबा बोले, मालूम है. फिर भी याद करके गए." तिनं लुत्फरभाईंचा हात सोडला नव्हता. "आपकी आवाज उन्होंने कभी सुनी ही नहीं. आपने कुछ नहीं किया, चाचा."

मला मोकळं वाटलं. मनात म्हटलं, सुटला बिचारा, पंचवीस-तीस वर्षांचं ओझं उतरलं. परतताना मी काहीबाही बोलत होतो, वाटेत चहा घेऊ म्हणालो, एक-दोन विनोदही केले. लुत्फरभाई खिडकीबाहेर बघत होते. शारजाचा ट्रॅफिक गेला, दुबई आली, अल क्वोजची गोडाउनं सुरू झाली, तरी नजर बाहेरच.

ते राहायचे त्या कामगारांच्या कॅम्पच्या फाटकाशी गाडी थांबवली. ते उतरले, वळसा घालून माझ्या खिडकीशी आले. काच खाली केली तशी गरम हवा आत आली.

"साब, इतना साल हम यही समझा, कि जब वो बोला, हम उसके साथ था." त्यांनी हात कपाळावर आडवा धरला होता, उन्हासाठी. "साथ में कोई नहीं था. अकेला बोला वो."

फाटकावरच्या वॉचमननं त्यांना सलाम केला, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते आत गेले. पुढच्या महिन्यात मी सुट्टीवर भारतात असताना ते व्हिसा कॅन्सल करून गावी निघून गेले.